कंडेन्सर

“एक कंडेन्सर बसव अन् सोड मला, गोकुळभाऊ. साडेनवाला आळेफाट्यावर माणसं थांबल्यात.”

गेणभाऊची जीप गॅरेजच्या दारात धडधडत उभी होती. टेपवर लग्नातलं गाणं चालू होतं आणि गाण्याच्या पाठीमागे एक बारीक शिट्टी वाजत होती. गोकुळनं बोनेट उघडून ॲक्सिलरेटरची केबल ओढली. इंजिन चढलं तशी शिट्टीही चढली. केबल सोडल्यावर ती खाली आली. गाणारी बाई मात्र आपल्याच सुरात होती, तिला याचं काही नव्हतं.

“अल्टरनेटर उतरवावा लागंल,” गोकुळ म्हणाला.

“काय बोलतो राव? आवाज टेपातून येतोय, इंजनातून न्हाई.”

“टेप नुसता सांगतोय. दुखणं अल्टरनेटरला हाये, बॅटरी चार्ज करतो त्याला. आतला एखादा डायोड गेला असंल.”

“गाडी चार्ज व्हतीय का न्हाई, एवढं सांग.”

“व्हतीय. आज.”

गेणभाऊनं कपाळावर हात मारला. त्याचंही काही चुकत नव्हतं. ओतूर-जुन्नर भागातल्या जीपवाल्यांना ब्रेक एक वेळ कमी लागले तरी चालतात, पण टेप स्वच्छ लागतो. अन् टेपमधली शिट्टी घालवायचा इलाज सगळ्या इलेक्ट्रिशियनांना पाठ आहे. बोटाएवढी पत्र्याची डबी, तिला एक वायर. टेपच्या लाइनवर जोडायची, डबीचं अंग बॉडीला आवळायचं. पाच मिनिटांचं काम. शिट्टी गायब, गिऱ्हाईक खूश. तरुणपणी गोकुळनं असे किती कंडेन्सर बसवले असतील त्याची गणतीच नव्हती. गेल्या आठ महिन्यांत त्यानं एकही बसवला नव्हता.

“मला न्हाई जमायचं कंडेन्सर,” तो म्हणाला. “दोन तास दे, उतरवून बघतो. न्हाईतर दुसरीकडं जा.”

“इमानं दुरुस्त करून आल्यापासून लई शाना झालाय तू,” असं म्हणून गेणभाऊनं बोनेट आपटलं आणि जीप काढली. गाणं आणि शिट्टी दोन्ही एसटी स्टँडच्या दिशेनं गेली. तिथं कुणीतरी पाच मिनिटांत डबी बसवून देणार, हे गोकुळला दिसत होतं. त्यानं पाना पुसला आणि जागेवर ठेवला.

‘विमानवाला’ हे नाव त्याला गावानंच दिलेलं. बारा वर्षांपूर्वी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका विमान चालवायला शिकवणाऱ्या शाळेची गाडी आळेफाट्यावर बंद पडली होती. गोकुळनं ती अर्ध्या तासात चालू केली. गाडीत शाळेचे चीफ इंजिनीअर होते. त्यांनी त्याचा हात बघितला आणि म्हणाले, चल आमच्याकडे. गोकुळ गेला. तिथं त्याला सही करायचा अधिकार कधीच नव्हता. कागदावर तो मदतनीस. पण लहान विमानांचं सगळं विजेचं काम त्याच्याच हातून व्हायचं, अन् साहेब खाली सही करायचे. गावात येताना तो शाळेचं नाव छापलेला शर्ट घालायचा, हे त्याची बायको मंगल अजून हसत सांगते. आठ महिन्यांपूर्वी तो शर्ट न घालता परत आला आणि जुन्या गॅरेजचं शटर उघडून बसला. आईची तब्येत बरी नसते, असं त्यानं सांगितलं. आईची तब्येत ठणठणीत होती. पण आईही काही बोलली नाही.

दुपारी मंगल डबा घेऊन आली ती पिशवी अन् यादी घेऊनच.

“अहो, घोडेगावच्या भाच्याच्या लग्नाला आता आठच दिवस ऱ्हायलेत. आहेराची कापडं घ्यायचीत. जेवा पटकन, बन्सीशेठकडं जाऊन येऊ.”

गोकुळचा घास हातात राहिला. “नारायणगावला घेऊ की. थोरली दुकानं हायेत.”

“आता काय बाई. आपल्या लग्नाचा बस्ता बन्सीशेठच्या वडलांनी बांधला. सासूबाईंचं लुगडंबी त्यांच्याकडचंच. अन् घोडेगावला पिशवी नेऊन दाखवायची नारायणगावची? तुमचं काय भांडान झालंय का त्यांच्याशी?”

“भांडान कसलं?”

“मग बाजाराला जाताना मागच्या बोळातून का जाता? मला काय दिसत न्हाई व्हय?”

गोकुळनं हात धुतले. आठ महिने तो त्या मागच्या बोळातून जात होता, अन् बायको आठ महिने ते बघत होती. आता नाही म्हणायला काही उरलं नव्हतं.

बन्सीलालशेठचं कापडाचं दुकान भर पेठेत. घराणं राजस्थानातलं, पण चार पिढ्यांपासून इथलं. शेठ गल्ल्यावर बसून आणे गावच्या एका शेतकऱ्याशी कांद्याच्या भावावर बोलत होते. आत काउंटरमागे एक मुलगी पांढऱ्या कापडाचा तागा उलगडून मीटरपट्टीनं मोजत होती. तिच्या उजव्या भुवईवर बोटभर लांब वण होता. तो वण पडला तेव्हा त्यावर पहिला रुमाल गोकुळनं धरला होता.

तिचं नाव सिद्धी. बन्सीशेठची धाकटी. वय तेवीस.

त्याच शाळेत ती विमान चालवायला शिकत होती. पहिल्या आठवड्यात गोकुळ कुणाशी तरी बोलत असताना ती मागे वळून म्हणाली होती, “तुम्ही जुन्नरकडचे का हो?” तो ‘मॅडम’ म्हणायला लागल्यावर तिनं हात जोडले. “काका, मॅडम काय? बन्सीलालची सिद्धी मी.” सुट्टीहून येताना ती त्याच्यासाठी घरच्या शेवेची पिशवी आणायची. सगळ्या शाळेत त्याला काका म्हणणारी ती एकटीच होती.

“काका!” आता तिनं मान वर केली आणि तिचा चेहरा खरोखर उजळला. “काकू, या ना. बसा.”

मंगलनं यादी काढली. दोन शर्टपीस, एक पँटपीस, चार ब्लाउजपीस. सिद्धीनं तागे खाली घेतले. शर्टाचं कापड पट्टीला लावून मोजलं, टोक बोटात धरलं. मंगलला वाटलं आता कात्री लागेल. पण सिद्धीनं टोक सोडलं आणि पहिल्यापासून पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा. ओठांतल्या ओठांत आकडे चालले होते. तिसऱ्या खेपेलाही कात्री लावण्याआधी ती क्षणभर थांबली आणि पट्टीकडे बघत राहिली.

“आमच्या सिद्धीचं माप तिनदा असतं बरं का,” गल्ल्यावरून बन्सीशेठ म्हणाले. “गिऱ्हाईक वैतागतं, पन कापड कमी पडत न्हाई कुनाला.” ते हसले. मंगलही हसली. सिद्धी हसली नाही.

मंगल साड्यांकडे वळली तशी सिद्धी काउंटरवर थोडी पुढे वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, “काका, मला तुमच्याशी बोलायचं होतं. तुम्ही शाळा सोडलीत असं कळलं. माझ्यामुळे तुम्हाला काही त्रास नाही ना झाला?”

“तुझ्यामुळं?”

“तुमच्या विमानाचं वाटोळं केलं मी. तुम्ही किती जपायचात त्याला. हेडसेटमधल्या शिट्टीचा आवाज मी रजिस्टरमध्ये लिहिला तर तुम्ही एका दुपारी दुरुस्त करून दिलंत. आणि मी साधा अल्टरनेटरचा स्विच टाकायला विसरले.”

गोकुळ काउंटरजवळ सरकला.

“तुला आठवतंय विसरलेलं?” त्यानं कसंबसं विचारलं.

“नाही ना. शेवटची दहा मिनिटं काहीच आठवत नाहीत. डोकं आपटलं ना. पण अपघातानंतरचा फोटो आहे. त्यात तेवढा एकच स्विच दिसतो, तो बंद आहे. सगळे म्हणाले, सुरुवातीपासून बंदच असणार. मी रोज आठवायला बघते, काका. हात पुढे केलेला आठवतो, पण तो त्याच दिवशीचा का आदल्या दिवशीचा, सांगता येत नाही. आता तर घराचं कुलूप लावलं तरी मी परत जाऊन बघते.”

गोकुळनं बोलायला तोंड उघडलं. सगळं जिभेवर होतं. शेजारी मंगल हिरवी साडी उजेडात धरून बघत होती, गल्ल्यावर शेठ कांद्याचं बोलत होते.

“व्हतं असं कधी कधी,” गोकुळ म्हणाला.

सिद्धीनं मान हलवली आणि ब्लाउजपीस मोजायला घेतले. एकदा, मग पुन्हा, मग पुन्हा.

त्या दिवशी परत येताना गोकुळ मागच्या बोळातून आला नाही, पण कुठून आला हेही त्याला कळलं नाही. इतके दिवस त्याची समजूत अशी होती की पोरीला खरं माहीत आहे. ती चिडली असेल, तिला आपला राग आला असेल, ती आपल्याला शिव्या देत असेल. त्या शिव्यांना तो घाबरत होता. ती स्वतःलाच दोष देत बसली असेल, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. शिव्या परवडल्या असत्या.

गॅरेजात आल्यावर त्यानं फळीमागे हात घालून साबणाची जुनी डबी काढली. डबीत फडक्यात गुंडाळलेली अल्टरनेटरची डायोड प्लेट होती. तळहातावर मावेल एवढी. तिच्यावर सहा डायोड, त्यातले दोन मेलेले.

शिट्टीची तक्रार आली त्या दुपारी साहेब म्हणाले होते, “परवापासून पोरांच्या परीक्षा आहेत. विमान उद्या उडालं पाहिजे. आवाज बंद कर.” अल्टरनेटर उतरवून बघायचा तर अर्धा दिवस गेला असता. गोकुळनं हेडसेट कानाला लावला, इंजिनचा वेग वाढवायला सांगितला, शिट्टी वर चढताना ऐकली. डायोडचा संशय त्याला त्याच वेळी आला होता. पण हाताला सवय गावच्या जीपांची. बोटाएवढी डबी त्याच्या पेटीत होतीच. रेडिओच्या लाइनवर ती जोडली आणि शिट्टी गेली. “काका, एकदम स्वच्छ!” विमानातून उतरताना सिद्धी म्हणाली होती. साहेबांनीही पाठ थोपटली. त्या रात्री गोकुळ समाधानानं जेवला, हे त्याला आता आठवतं तेव्हा तोंड कडू होतं.

एकोणीस दिवसांनी सिद्धी एकटी वर असताना दुसरा डायोड गेला. विमानाचं इंजिन विजेवर अवलंबून नसतं, ते चालूच राहतं. पण बाकी सगळं बॅटरीवर आलं आणि बॅटरी संपली. रेडिओ मुका झाला. वेग कमी करायला पंखांची मागची पट्टी विजेवर खाली येते, ती आली नाही. पोरीनं त्या वेगातच विमान उतरवलं. धावपट्टी संपली, पुढचं चाक मोडलं आणि विमान बाभळींच्या कुंपणात शिरलं. धावत गेलेल्यांत गोकुळ पहिला होता. कपाळातून रक्त येत असलेल्या पोरीला रुमाल लावताना त्याचं लक्ष समोरच्या स्विचांच्या रांगेकडे गेलं. तिथं त्यानं जे बघितलं, ते कुणालाच सांगितलं नाही.

अपघाताच्या संध्याकाळी साहेबांनी त्याला कार्यशाळेत बोलावलं. अल्टरनेटर उघडला. दोघांनी मेलेले डायोड बघितले. साहेबांनी दार लावून घेतलं. मग म्हणाले, “तपासणीवाले परवा येतायत. नवी प्लेट टाक. तो कंडेन्सर काढ. स्विच बंद सापडलाय, तेवढं पुरे आहे. पोरगी श्रीमंताची आहे, दुसरी शाळा धरेल. तुझी-माझी भाकरी जाईल.” गोकुळनं नवी प्लेट टाकली. डबी काढली. अधिकार नसताना साहेबांनी पुढे केलेल्या कागदावर सही केली: अल्टरनेटर सुस्थितीत. अकरा वर्षांत त्याची ती पहिली सही होती. जुनी प्लेट फेकायची सोडून त्यानं खिशात का घातली, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. महिन्याभरात त्यानं नोकरी सोडली.

दुकानातून आले त्याच संध्याकाळी चुलीपुढं बसून त्यानं हे सगळं मंगलला सांगितलं. मंगल भाकरी थापत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले. तव्यावरची भाकरी करपली तरी तिनं उलटली नाही.

“मग ती तिनदा मोजती ते तुमच्यामुळं,” शेवटी ती म्हणाली.

“हां.”

“अन् तुमी काय बोलला तिला दुकानात?”

“व्हतं असं कधी कधी, म्हनलो.”

मंगलनं त्याच्याकडे बघितलं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती, पण असं तिनं कधी बघितलं नव्हतं. “म्या त्या पोरीनं मोजल्याली कापडं घिऊन घोडेगावला जानार न्हाई,” ती म्हणाली. “आधी सांगून या. मग बघू.”

“जेलबी व्हईल.”

“व्हऊ द्या,” मंगल म्हणाली. तिनं करपलेली भाकरी खाली घेतली. “डबा आनीन म्या.”

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता गोकुळ पिशवी घेऊन पेठेतून सरळ गेला. दुकानात गर्दी नव्हती. आण्याच्या पठारावरून आलेली एक म्हातारी बाकड्यावर बसून पाणी पीत होती. शेठ उदबत्ती लावत होते.

“या, पावणं. कापड कमी पडलं का?”

“न्हाई शेठ. सिद्धीशी काम हाये. तुमीबी ऐका.”

त्यानं काउंटरवर एक लहान बॅटरी ठेवली, दोन वायरींना जोडलेला एक बल्ब ठेवला आणि फडकं उलगडून प्लेट काढली. सिद्धीनं प्लेटकडे बघितलं. तिला ती काय आहे ते कळलं, पण इथं का आहे ते कळलं नाही.

“ही कुणाची?”

“तुझ्या इमानाची. त्या दिवसाची.”

तो वायरी लावायला लागला. “हे बघ. वायर अशी लावली की बल्ब लागतो. उलटी लावली की लागत न्हाई. हा चांगला. हाबी चांगला.” एकेक डायोड तो दाखवत गेला. मग पाचव्यावर आला. अशी लावली, बल्ब लागला नाही. उलटी लावली, तरी लागला नाही. “हा मेल्याला. हा शिट्टीच्या येळेपासून. अन् हा सहावा त्या दिवशी तू वर असताना गेला.”

सिद्धीनं प्लेट जवळ ओढली.

“कांद्याच्या गोण्या गाडीत भरताना सहा जण रांगेत उभं ऱ्हातेत,” गोकुळ म्हणाला. “एक खाली बसला तर गाडी भरायची थांबत न्हाई. पन रांगेत तेवढी खिंड पडती, अन् बाकीच्यांवर भार येतो. ती खिंड म्हंजी तुझी शिट्टी. म्या काय केलं, रेडिओच्या तोंडावर कंडेन्सर लावला. खिंड तिथंच ऱ्हायली. तुला ऐकू यायची बंद झाली, एवढंच. तुला सांगनारा एकच आवाज व्हता, तो म्या बंद केला.”

“पण स्विच,” सिद्धी म्हणाली. “स्विच बंद होता.”

“बंदच व्हता. म्या बघितला. पन तेवढाच न्हाई. सगळी रांग बघितली म्या.”

“सांगा. डावीकडून.”

ती आता कापडाच्या दुकानातली मुलगी राहिली नव्हती. गोकुळनं डोळे मिटले. आठ महिन्यांत ती रांग त्यानं इतक्या वेळा बघितली होती की आठवावं लागत नव्हतं.

“बॅटरी चालू. अल्टरनेटर बंद. पुढचा मोठा दिवा बंद. पंखावरचे दिवे बंद. लुकलुकता दिवा बंद. पयला रेडिओ चालू. दुसरा रेडिओ बंद.”

सिद्धीचा डावा हात काउंटरवर होता. तो हळूच उचलला गेला आणि हवेत, काही नाही त्या जागी, बोटं एकेक करून खाली गेली. एक स्विच बंद, चालू, थोडं थांबून पुन्हा बंद. मग पुढचे, एकामागून एक.

“ही यादी आहे,” ती म्हणाली. “अल्टरनेटर गेला तर करायची. एकदा बंद करून परत चालू करून बघायचा. नाही आला तर बंद ठेवायचा आणि नको ते सगळं बंद करायचं. बॅटरी वाचवायला.”

“हां. इसरनारं मानूस एक स्विच इसरतं. बाकीचे नेमके तेवढेच वेचून बंद करत न्हाई. तू काय इसरली न्हाईस. सगळं केलंस तू.”

म्हातारीनं पाण्याचा पेला खाली ठेवला. उदबत्ती शेठच्या हातातच जळत होती.

“तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?” सिद्धीनं विचारलं.

“स्विचांचं त्याच मिन्टाला. डायोडचं त्या दिवशी संध्याकाळी.”

“आणि काल?”

“कालबी.”

तिनं मान खाली घातली. गोकुळला वाटलं ती रडेल, ओरडेल, प्लेट उचलून फेकेल. त्याची तयारी होती. पण ती तशीच उभी राहिली, दोन्ही तळवे काउंटरवर टेकून. तिचे डोळे भरले होते, पण ते त्याच्यासाठी नव्हते, हे गोकुळला कळत होतं.

बन्सीशेठ गल्ल्यावरून उठून आले. हा माणूस कुणाशी वरच्या आवाजात बोललेला पेठेत कुणी ऐकला नव्हता, आताही त्यांनी आवाज चढवला नाही. ते इतकंच म्हणाले, “गोकुळराव, तुमच्या लग्नाचा बस्ता आमच्या वडलांनी बांधला व्हता.”

गोकुळनं मान हलवली.

सिद्धीनं खणातून कोरा कागद काढला, त्याच्यापुढे ठेवला आणि पेन उघडून दिलं. “लिहून द्या. कंडेन्सर कुठल्या तारखेला लावला, कुणी सांगितलं, प्लेट कधी बदलली. स्विचांची रांग, आत्ता सांगितली तशीच.”

“लिहितो.”

“मी हे तपासणीवाल्यांच्या वरच्या ऑफिसला पाठवणार आहे. अल्टरनेटर सुस्थितीत म्हणून रिपोर्टात तुमची सही आहे, तेही निघेल त्यात. तुमच्यावर येईल.”

“येऊ दे. म्या तेवढ्यासाठीच आलोय.”

तो बाकड्यावर म्हातारीशेजारी बसून लिहायला लागला. गुडघ्यावर पुठ्ठा घेतला होता. अक्षर त्याचं तसं बरं, पण आज ओळी खाली जात होत्या. विमानाचा नंबर त्याला पाठ होता. एका ठिकाणी ‘साहेबांनी सांगितल्यावरून’ असं लिहून तो थांबला. मग त्याखाली त्यानं लिहिलं, ‘पण हात माझा होता.’ ते कुणी लिहायला सांगितलं नव्हतं.

सिद्धीनं कागद उभ्या उभ्याच पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. “नाव पूर्ण लिहा. खाली आजची तारीख.” ‘काका’ हा शब्द ती आता उच्चारत नव्हती. गोकुळच्या ते लगेच लक्षात आलं, आणि बाकी सगळ्यापेक्षा तेच त्याला जास्त लागलं. त्यानं पूर्ण नाव लिहिलं, तारीख घातली, सही केली. तिनं कागद घडी घालून प्लेटसोबत खणात ठेवला आणि खणाला किल्ली लावली.

“झालं का गं तुमचं, लेकी?” म्हातारी म्हणाली. “माझी एष्टी निघून जाईल. परकराचं कापड दे मला. अडीच मीटर.”

“हो आजी.”

गोकुळनं बल्ब, वायरी आणि बॅटरी पिशवीत भरली. निघायला हवं होतं. कुणी बस म्हणालं नव्हतं, चहाही कुणी विचारला नव्हता. तरी तो पायरीशी अडखळून उभा राहिला.

सिद्धीनं लाल कापडाचा तागा खाली घेतला, काउंटरवर धाडकन उलगडला आणि पट्टी लावली. एक मीटर, दोन मीटर, वर अर्धा. टोक बोटात धरलं. गोकुळ पायरीवरून बघत होता. आता टोक सुटणार आणि ती पहिल्यापासून मोजायला लागणार, म्हणून बन्सीशेठही बघत होते.

तिनं कात्री उचलली आणि कापड कापलं.